विकराला आवर घालताना

मोठ्या आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. त्याला इजा झाली की कॉक्स-२ नावाचं विकर कामाला लागतं आणि पेशींच्या आवरणातल्या मेदाम्लापासून प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार करतं. हे रसायन आजूबाजूच्या पेशींना वाढायला आणि तग धरायला लावतं, रक्तपुरवठा वाढवतं. जखम भरायला हेच लागतं. काम झालं की १५-पीजीडीएच हे दुसरं विकर ई-२ मोडून टाकतं.

आतड्याच्या कर्करोगात बहुतेक वेळा कॉक्स-२ वाढलेलं आढळतं आणि १५-पीजीडीएच घटलेलं. नळ चालू आणि मोरी तुंबलेली, अशी ही अवस्था. वाढ, तग, रक्तपुरवठा हे सगळं मग गाठीच्या पथ्यावर पडतं.

पण कॉक्स-२ गाठीला खरंच वाढवतं, की नुसतं तिच्यासोबत दिसतं? १९९६ साली मासानोबु ओशिमा आणि सहकाऱ्यांनी एपीसी जनुक बिघडलेले उंदीर घेतले. अशा उंदरांच्या आतड्यात कोंबांची, म्हणजे पॉलिपांची, रास उगवते. त्यांच्यातलं कॉक्स-२चं जनुकही काढून टाकल्यावर कोंब संख्येनं घटले आणि आकारानंही लहान राहिले. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्यानंतर कॉक्स-२ला नुसता साक्षीदार म्हणता येईना.

मग हे विकर बंदच का करू नये? रोफेकोक्सिब हे औषध नेमकं तेच करत होतं. पूर्वी कोंब निघालेल्या रुग्णांना ते दिलं, तेव्हा नवे कोंब कमी झाले. पण हृदयविकाराचे झटके वाढले. सप्टेंबर २००४ मध्ये औषध बाजारातून मागे घेतलं गेलं. झटके वाढण्यामागचं कारण असं मानलं जातं, की रक्तवाहिन्यांच्या अस्तरात गुठळी होऊ न देणारं प्रोस्टासायक्लिन बनवायलाही कॉक्स-२च लागतं.

कॉक्स विकरांना रोखणाऱ्या ॲस्पिरिनचा मार्ग जुना आहे. लिंच सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष, असलेल्या ८६१ जणांपैकी निम्म्यांना रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं गेलं, उरलेल्यांना औषध नसलेली गोळी. सरासरी दहा वर्षांनी पाहिलं, तर ॲस्पिरिनच्या गटात ९ टक्क्यांना आतड्याचा कर्करोग झाला होता, दुसऱ्या गटात १३ टक्क्यांना. तरीही पोटात रक्तस्राव होण्याचा धोका आहेच, म्हणून ही गोळी डॉक्टरांना न विचारता कुणीही सुरू करू नये.

शिवाय गुण सगळ्यांना सारखा येत नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात ज्यांच्या निरोगी अस्तरात १५-पीजीडीएच भरपूर होतं, अशांपैकी ॲस्पिरिन घेणाऱ्यांत आतड्याच्या कर्करोगाचा धोका जवळपास निम्मा दिसला. ज्यांच्यात ते कमी होतं, त्यांना ॲस्पिरिनचा फायदा दिसला नाही.