दुसऱ्याचे दुःख कळते म्हणजे काय?

जरीपटक्याच्या दफनभूमीतून आम्ही परतत होतो. तरुण मुलगा गमावलेल्या आईला मी म्हणालो, "बाई, तुमचे दुःख मला कळते." त्या शांतपणे उत्तरल्या, "नाही फादर, ते तुम्हाला कळायचे नाही." ते वाक्य कित्येक दिवस माझ्या मनातून जाईना.

सेमिनरीत शिकलेले तत्त्वज्ञान अशा वेळी आठवते. जाणीव ही वस्तू साठवण्याची पेटी नव्हे. ती सदैव कशाकडे तरी वळलेली असते. आनंद कशाचा तरी, भीती कशाची तरी. मध्ययुगीन ख्रिस्ती पंडितांचा हा विचार फ्रान्झ ब्रेंटानो यांनी १८७४ साली पुन्हा पुढे आणला. त्यांचे शिष्य एडमंड हुसेर्ल यांनी १९०५ च्या व्याख्यानांत त्याला काळाची जोड दिली. गीत ऐकताना नुकताच सरलेला स्वर जाणिवेने धरून ठेवलेला असतो आणि येणाऱ्या स्वराची तिला चाहूल असते. म्हणून तर सुटे आवाज नव्हे, गीत ऐकू येते. संत ऑगस्टीनने 'कबुलीजबाबा'च्या अकराव्या भागात स्तोत्र म्हणण्याच्या उदाहरणाने हेच कोडे मांडले होते.

त्या आईचे दुःखही असेच. त्यात मुलाचे सरलेले बालपण आहे आणि संध्याकाळी दारात वाजायच्या पावलांची वाटही आहे. ते दिवस मी जगलेलो नाही. तेव्हा बाईंचे म्हणणे खरे होते.

मग काय, दार बंदच? हुसेर्ल यांची शिष्या एडिथ श्टाइन हिने याच प्रश्नावर प्रबंध लिहिला. तो १९१७ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी, १९१५ साली, तिने रेडक्रॉसच्या रुग्णालयात आजारी सैनिकांची शुश्रूषा केली होती. ती म्हणते, दुसऱ्याचे दुःख मला खरोखर जाणवते, पण त्याचे म्हणूनच. ते माझे होत नाही. ज्यू घरात जन्मलेल्या एडिथने १९२२ साली बाप्तिस्मा घेतला, पुढे ती कार्मेल मठात गेली आणि १९४२ साली आउश्वित्झ येथे मारली गेली. १९९८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संत घोषित केले.

तेव्हा चुका दोन संभवतात. दुसऱ्याचे दुःख आपलेच आहे असे म्हणणे ही एक. ते कळणारच नाही म्हणून पाठ फिरवणे ही दुसरी. पहिलीत अहंकार आहे, दुसरीत निष्ठुरता. लाजरला आपण उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू येशू मरियेसमोर रडला. त्याने तिचे दुःख तिचेच राहू दिले, पण तिला एकटे सोडले नाही.

महिन्याच्या मिस्सेनंतर मी पुन्हा त्या घरी गेलो. या वेळी एवढेच म्हणालो, "मुलाबद्दल सांगा." बाई बराच वेळ बोलत होत्या. मी ऐकत होतो.