हरणाऱ्या टीमचं तिकीट

२६ मार्च २०१५. अमेरिकेतल्या बफेलो शहरात आइस हॉकीचा एक सामना जादा वेळेत गेला. पाहुण्या ॲरिझोनाच्या टीमनं निर्णायक गोल मारला आणि स्टेडियममध्ये जल्लोष झाला. जल्लोष करणारे होते बफेलोचेच चाहते. मुंबई इंडियन्स हरली म्हणून वानखेडेवर मुंबईकरांनी शिट्ट्या वाजवाव्यात, तसंच हे.

ते चाहते वेडे नव्हते, त्यांचं गणित पक्कं होतं. नॅशनल हॉकी लीगमध्ये नवे खेळाडू ड्राफ्टमधून येतात आणि तळाच्या टीमला पहिली निवड मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. त्या वर्षीचं बक्षीस होतं कॉनर मॅकडेविड नावाचा अठरा वर्षांचा मुलगा. आज हरलो तर उद्या तो आपला, इतका साधा हिशोब.

आता प्रश्न. आपलीच टीम हरावी असं मनापासून वाटणं ही निष्ठा आहे की गद्दारी?

मी सॅन होजेत राहतो, कोड लिहून पोट भरतो आणि गेले काही मोसम सॅन होजे शार्क्सचे सामने बघायला जातो. हॉकी म्हणजे ध्यानचंद एवढंच डोक्यात घेऊन इथे आलेल्या माणसाला हा खेळ आधी कळतच नाही. बर्फावर पाच-पाच खेळाडू आणि एकेक गोलकीपर, वीस मिनिटांचे तीन भाग, आणि दर पाऊण मिनिटाला खेळाडूंची बदली. शार्क माशाच्या अवाढव्य जबड्यातून टीम मैदानात उतरते. दृश्य झकास असतं. त्यानंतर टीम बहुतेक वेळा हरते.

किती हरते? २०२३-२४च्या मोसमात पहिल्या अकरा सामन्यांत एकही विजय नाही. २ नोव्हेंबरला व्हँकुव्हरकडून १०-१, ४ नोव्हेंबरला पिट्सबर्गकडून १०-२, तेही घरच्या मैदानावर. त्याआधी ऑगस्टमध्ये शार्क्सनी आपला सगळ्यात मोठा खेळाडू एरिक कार्लसन याच पिट्सबर्गला देऊन टाकला होता. मोसमाच्या शेवटी ८२ सामन्यांत १९ विजय आणि लीगमध्ये शेवटचा नंबर. याला इंग्रजीत ‘रीबिल्ड’ म्हणतात. जुनं पाडायचं, काही वर्षं हरायचं, तरुण पोरं जमवायची आणि मग जिंकायचं.

मॅनेजमेंटची बाजू मला पटते. दरवर्षी धड वर नाही, धड खाली नाही असं लटकत राहण्यापेक्षा काही वर्षं पडतं घ्यावं, यात अनैतिक काही नाही. आमच्या धंद्यातही कधीकधी जुन्या सिस्टिमला ठिगळं लावणं थांबवून ती पुन्हा लिहावी लागते. फरक एवढाच की फेकून दिलेल्या कोडला काही वाटत नाही.

खेळाडूंना वाटतं. १४ ऑक्टोबर २०२३ला मॅकेन्झी ब्लॅकवूड या शार्क्सच्या गोलकीपरनं कोलोरॅडोचे ५१ फटके अडवले. टीम तरीही शूटआउटमध्ये हरली. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये त्याची रवानगी झाली, तीही कोलोरॅडोलाच. शार्क्सचे चांगले दिवस आले की त्या फोटोत तो नसेल. रीबिल्डमधली खरी अडचण ही आहे: किंमत मोजणारे वेगळे आणि फळ खाणारे वेगळे. माणसाला कधीही नुसतं साधन म्हणून वापरू नका, असं कांट सांगून गेला. पाडकामाच्या वर्षांत खेळणारा खेळाडू साधन नाही तर काय आहे?

यावर लगेच येणारा आक्षेप म्हणजे, अहो, पैसे मिळतात की त्यांना! मिळतात. त्या मोसमात लीगमधला किमान पगारच पावणेआठ लाख डॉलर होता. पण पगारानं त्यांचे श्रम विकत घेतले जातात. त्यांचं अपयश हवंसं वाटण्याचा हक्क मला त्यातून मिळत नाही. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगानं येणाऱ्या रबरी पकसमोर एखादा खेळाडू आडवा पडतो, तेव्हा तो ड्राफ्टचा विचार करत नसतो. त्या क्षणी मी वर बसून ‘गोल जाऊ दे’ म्हणत असेन, तर मी त्याच्या सगळ्या धडपडीला फालतू ठरवतोय.

म्हणून मला दोन गोष्टींत फरक करावासा वाटतो. हार पचवणं वेगळं आणि हार मागणं वेगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल बघून ‘चला, ड्राफ्टला फायदा’ असं स्वतःची समजूत घालायला म्हणणं ठीक. पण सामना चालू असताना त्या वीस जणांच्या विरोधात जाणं ठीक नाही.

शिवाय ज्या उद्यासाठी हे सगळं करायचं, तो येतोच असं नाही. तळाच्या टीमलाही लॉटरीत पहिली निवड मिळण्याची शक्यता फक्त २५.५ टक्के. शार्क्सना २०२४मध्ये ती मिळाली आणि मॅकलिन सेलेब्रिनी आला. पुढच्या मोसमात ते पुन्हा शेवटचे आले, पण लॉटरी न्यूयॉर्क आयलंडर्सनी जिंकली. आणि बफेलो? ते २०१५मध्ये तळाला गेले, पण मॅकडेविड एडमंटनला मिळाला. बफेलोच्या वाट्याला आलेला जॅक आयकल पुढे लास वेगासला गेला आणि २०२३मध्ये तिथे स्टॅन्ली कप जिंकला. बफेलोला मात्र २०२५पर्यंत सलग चौदा मोसम प्लेऑफचं तोंडही दिसलं नाही. टाळ्या वाजवलेल्या त्या रात्रीची किंमत त्यांना कुणी परत केली नाही.

हे सगळं मला इतकं लागतं, कारण रीबिल्ड ही आपली मातृभाषा आहे. एकदा बारावी होऊ दे. एकदा कॅम्पसमधून नोकरी लागू दे. एकदा ग्रीनकार्ड येऊ दे, मग घर घेऊ, मग आई-बाबांना निवांत बोलावू. माझ्या आजूबाजूला अशी कितीतरी माणसं आहेत, ज्यांनी वर्षंच्या वर्षं ‘ही मोजायची नाहीत’ म्हणून बाजूला ठेवली आहेत. उद्यासाठी झिजण्यात वाईट काहीच नाही, आपले आई-बाप तसेच झिजले. पण ‘उद्या’ हा शब्द एवढा मोठा होतो की आजची माणसं त्याच्या सावलीत दिसेनाशी होतात. तिकडे आई-बाबांचं वय रांगेत थांबत नाही. ते या वर्षाच्या टीममध्ये आहेत, आणि आपल्या विजयाच्या फोटोत ते असतील याची खात्री कुठल्याच लॉटरीत नाही.

मग रीबिल्ड करूच नये का? करावं. फक्त त्या काळातल्या प्रत्येक दिवसाला एक प्रश्न विचारावा: आजचा सामना आपण खरा मानून खेळतोय का? की फक्त उरकतोय?

७ नोव्हेंबर २०२३ला, त्या अकरा पराभवांनंतर, शार्क्सनी फिलाडेल्फियाला २-१ असं हरवलं. ड्राफ्टच्या गणितात तो विजय उलट तोट्याचाच होता. त्या रात्री बर्फावर असलेल्या एकाही शार्कला तो तोटा वाटला नसणार. आणि या एका बाबतीत त्यांचा हिशोब आपल्यापेक्षा बरोबर आहे, असं मला वाटतं.