लाकडाला डोल देताना

स्वस्थ बसा. हातात काही नको. तळवे उघडे, मांडीवर. जे घडवायचं आहे ते आधी बघायचं आहे, आणि बघण्याला घाई सोसत नाही.

मनाने फिनलंडला चला, पाइयान्ने सरोवरावर. काळ 1930 च्या दशकातल्या मंदीचा. लाउरी रापाला नावाचा गरीब मासेमार होडी वल्हवतो आहे. गळांना आमिष लावायचं, ओढायचं, पुन्हा लावायचं. मधेच तो वल्ही थांबवतो आणि पाण्यात बघत राहतो. तुम्हीही त्याच्या शेजारून वाकून बघा. बारक्या मासळीचा थवा चालला आहे. खालून मोठा मासा येतो, थव्यात घुसतो आणि जो जरासा डगमगतो आहे नेमका त्यालाच उचलतो. धडधाकट तसेच पुढे जातात. त्या एका डगमगण्यावर मन टेकवा. काही वेळ तिथेच राहू द्या.

तेच डगमगणं आमिषात आणायला 1936 मध्ये रापालाने बुचाचा मासा कोरला. हत्यारं म्हणजे चांभाराची रापी आणि पॉलिश पेपर. वर चॉकलेटची चांदी, आणि पाणी शिरू नये म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून दिलेला लेप. पुढे 1962 मध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ मासिकात त्यावर लेख आला आणि मागणी आवरेना. मला मात्र या हकिकतीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते होडीतलं बघणं.

आता लाकूड हातात आलं आहे असं समजा. बाल्साचा तुकडा, वीतभराहून आखूड. इतका हलका की मूठ रिकामीच वाटावी, इतका मऊ की नख दाबलं तरी खूण उमटावी. पाठीवर आणि पोटावर मधोमध पेन्सिलने रेघ ओढा. तोंडाच्या पट्टीची खाच आणि तारेची भोकं आत्ताच पाडून घ्या, तुकडा चौकोनी आहे तोवर. एकदा गोलाई आली की काटकोन धरायला सपाट बाजूच उरत नाही. मग सावकाश छिला. पाती रेषेच्या दिशेने जाऊ द्या. उलटी गेली की ढलपा निघतो. अधूनमधून थांबा, डोळे मिटा, दोन्ही कुशींवरून एकाच वेळी अंगठा आणि तर्जनी फिरवा. डोळ्याला न दिसलेला उंचवटा बोटाला लगेच कळतो. ही तपासणी मला फार प्रिय आहे. मन भटकत असेल तर ती साधतच नाही.

पोटात शिशाचा लहानसा तुकडा जाईल. तोंडाखाली पातळ पट्टी बसेल. पट्टी जितकी आडवी, तितका मासा खोल जातो. उभी केली की वरच्या पाण्यात राहतो. श्वास संथ ठेवा आणि पाणी काय करतं ते बघा. दोरी ओढली की पाणी पट्टीवर आदळतं, तिच्या एका कडेने भोवरा सुटतो, मग दुसऱ्या कडेने. अंग एकीकडे कलतं, पोटातलं शिसं त्याला परत उभं करतं, तोवर दुसरीकडचा धक्का येतो. शिसं कमी पडलं तर मासा कुशीवर आडवा होतो. जास्त झालं तर डोल मरतो. हा तोल हिशेबाने पुरता सापडत नाही, बादलीतल्या पाण्यात सापडतो. लाकडाला एक पातळ हात देऊन गळ तात्पुरते अडकवा आणि पाण्यात सोडा. ओढताना मासा एका बाजूला पळत असेल, तर नाकाची कडी त्याच्या उलट बाजूला किंचित वाकवा. अगदी केसभर.

हे फसवणुकीचं काम आहे, हेही मनात येऊ द्या, टाळू नका. समोरचा जीव भुकेपोटी येणार आहे. पकडून परत सोडणार असाल तर गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. जखम कमी होते आणि गळ चटकन सुटतो.

रंगाचा मोह सगळ्यांनाच होतो: खवले, ठिपके, लाल गळा, चमकता डोळा. तो हौसेने काढा, पण डोल जमल्यावरच. आणि रंगावर शेवटचा लेप देताना तारेच्या भोकांजवळ दोनदा बघा. तिथून पाणी शिरलं की लाकूड फुगतं, रंग तडकतो आणि जमवलेला तोल जातो.