डोळ्याचे पाते लवण्याआधी

काही रविवारांपूर्वी सकाळची मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारात आपल्या धर्मग्रामातील एका बांधवाने आम्हांला गाठले. ते बँकांची रोकड वाहून नेणाऱ्या गाडीवर बंदूकधारी रक्षक आहेत. बोलता बोलता म्हणाले, "उद्या कोणी अंगावर धावून आला, तर विचार करायला मला वेळच मिळणार नाही. मग त्या गोळीचा हिशेब देव माझ्याकडे कसा मागेल?"

आम्ही त्यांना लगेच उत्तर देऊ शकलो नाही. घरी आल्यावरही प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख.

कायद्याचे उत्तर तसे स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ ही स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. जिवावर बेतले तर हल्लेखोराचा प्राण गेला तरी तो गुन्हा ठरत नाही, पण बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा नाही. ज्याच्यावर हल्ला झाला आहे त्याने प्रत्येक फटका तराजूत तोलून मारावा, अशी अपेक्षा धरता येत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दर्शन सिंग खटल्यात सांगितले आहे.

ख्रिस्तसभेची शिकवणही याच्या जवळपास आहे, मात्र तिथवर ती सहज पोहोचलेली नाही. संत ऑगस्टीन यांना खाजगी माणसाने स्वतःचा जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचा घ्यावा, हे पटत नव्हते. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी वेगळी मांडणी केली. एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात: आपला जीव वाचणे आणि हल्लेखोराचा जाणे. हेतू पहिल्याचा असावा आणि बळ गरजेपुरतेच असावे, म्हणजे कृती निर्दोष ठरते. आजचा धर्मशिक्षण ग्रंथ पाचव्या आज्ञेच्या विवेचनात हेच सांगतो.

पण आमचे बांधव हेतूबद्दल विचारत नव्हते. हेतू धरायलाच वेळ नसेल तर काय, हा त्यांचा प्रश्न होता. साधा दिवा लागलेला पाहून बटण दाबायलाही माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. समोरच्याच्या हातात पिस्तूल आहे की मोबाइल, हे ओळखून ठरवायचे तर त्याहून अधिक. १९९९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये अमादू डियालो या निःशस्त्र तरुणावर चार पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या. त्याच्या हातात होते ते पैशांचे पाकीट.

अशा चुका टाळण्यासाठी सिम्युलेटर वापरतात. भिंतीएवढ्या पडद्यावर एक प्रसंग सुरू होतो. शिकणाऱ्याच्या हातात खऱ्या वजनाचे शस्त्र असते, पण त्यातून गोळीऐवजी लेझरचा किरण सुटतो. पडद्यावरचा माणूस खिशात हात घालतो. तो चाकू काढील की ओळखपत्र, हे मागे बसलेला प्रशिक्षक आयत्या वेळी बदलू शकतो. प्रसंग संपला की चित्रफीत मागे नेऊन विचारले जाते: गोळी का झाडलीस? तेव्हा तुला नेमके काय दिसले? आपल्या देशातही अशी यंत्रे तयार होतात; हैदराबादची झेन टेक्नॉलॉजीज ही कंपनी सैन्याला आणि पोलिसांना ती पुरवते.

आपली मुले मॉलमधल्या गेमझोनमध्ये बंदुकीचे खेळ खेळतात, ते यासारखेच दिसतात, पण फरक मोठा आहे. खेळात झाडलेल्या प्रत्येक गोळीला गुण मिळतात. सिम्युलेटरमध्ये कित्येकदा न झाडलेली गोळी हेच बरोबर उत्तर असते. ज्या यंत्रावर फक्त चपळाई मोजली जाते, ते कितीही महाग असले तरी आम्ही त्याला गेमझोनच म्हणू.

म्हणजे निर्णय त्या क्षणी होतो असे आपल्याला वाटते खरे, पण त्याचा बराचसा भाग आधीच होऊन गेलेला असतो. अक्वायनस सद्गुणाला सवयच मानतात. पुन्हापुन्हा करून अंगी मुरलेली सवय. तेव्हा देव फक्त त्या अर्ध्या सेकंदाचा हिशेब मागत नसावा, त्याआधीच्या वर्षांचाही मागत असावा.

गेथशेमनी बागेतला पेत्र आठवा. संत लूकच्या शुभवर्तमानात शिष्य प्रभूला विचारतात, तलवार चालवू का? आणि उत्तराची वाट न पाहता त्यांच्यातला एक जण वार करतो. तो पेत्र होता आणि कान तुटला तो मल्खाचा, हे संत योहान सांगतो. तीन वर्षे प्रभूबरोबर राहूनही पेत्राच्या हाताला जुनीच सवय होती. तो कान बरा करण्याचे काम येशूला करावे लागले.

आणि तुकाराम ओंबळे आठवा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर या सहायक पोलीस उपनिरीक्षकाच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी हातांनी धरली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि त्यामुळे तो जिवंत सापडला. त्याच्यावर रीतसर खटला चालू शकला. अशा धाडसाचा सराव कुठल्याही पडद्यावर होत नाही. त्याआधी सैन्यात आणि पोलिसांत घालवलेल्या वर्षांत तो झाला असावा, एवढेच आम्ही म्हणू शकतो.

स्वसंरक्षण हा शब्द नेहमी इतका स्वच्छ राहत नाही. २३ सप्टेंबर २०२४ रोजी आपल्या तळोजा तुरुंगातून बदलापूर प्रकरणातील आरोपीला पोलीस गाडीतून नेत असताना मुंब्रा बायपासजवळ तो गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावले, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे पोलिसांनी सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयासमोर आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात या दाव्यावर शंका घेतली होती आणि एप्रिलमध्ये न्यायालयाने विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला. खरे काय ते ठरवणे आमचे काम नाही. आरोप भयंकर होता आणि त्या चिमुकल्या मुलींच्या आईवडिलांचे दुःख आम्ही विसरलेलो नाही. पण तो मेल्याचा आनंद अनेकांनी उघडपणे साजरा केला, आणि त्याच्या दफनासाठी आईवडिलांना कित्येक दिवस जागा मिळेना. मृतांना मूठमाती देणे हे दयेच्या कृत्यांपैकी एक आहे, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या आठवड्यात आम्हांलाही ते आठवले नाही.

आमच्या बांधवाकडे पुन्हा वळतो. तुम्हांला प्रशिक्षण काय मिळाले, असे आम्ही त्यांना विचारले. बंदूक साफ कशी करावी, भरावी कशी, सुरक्षित कशी ठेवावी, आणि एक दिवस गोल निशाणावर नेमबाजी. कधी झाडू नये, हे कुणी शिकवले नव्हते. सिम्युलेटर त्यांना कुठून मिळणार? मग आम्ही मिळून एक साधा उपाय काढला. रात्री प्रार्थनेच्या वेळी दिवसभराचे आत्मपरीक्षण करतोच, त्यातच दोन मिनिटे एखादा प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा: कोणी धावत येतो आहे, हातात काहीतरी आहे. काय आहे? मागे कोण उभे आहे? ओरडून थांबवता येईल का? गाडीचे दार लावून घेता येईल का?

परवा ते पुन्हा भेटले. म्हणाले, "पूर्वी गाडीतून उतरलो की लोकांचे चेहरे बघायचो. गरीब दिसला, दाढीवाला दिसला की मन सावध व्हायचे. आता आधी हात बघतो."