लेंकरांचें धैर्य व आईबापांचे अश्रू

मार्कंड्यास वैनगंगा उत्तरेकडे वळते, व महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते. त्या ठिकाणाशीं जोडलेली कथा आपण शेजाऱ्यांच्या मुखें पुष्कळदां ऐकिली आहे. आपला पुत्र सोळाव्या वर्षीं मरणार, हें त्यांतील आईबापांस ठाऊक होतें. त्या कथेचा वाद आम्हांस येथें करावयाचा नाहीं. परंतु तिच्यांतील भय सर्व आईबापांचें आहे. म्हणून प्रश्न असा कीं, घरावर दुःख आलें असतां तें लेंकरांपासून लपवावें काय?

कित्येक म्हणतात, लपवावें. बापाच्या डोळ्यांत पाणी दिसलें तर मुलाचा धीर सुटेल. ह्याचा विचार करूं. धानाची रोवणी झाली आणि पुरानें बांधी बुडाली. बाप घरीं येऊन कोणाशीं बोलत नाहीं, आणि मुलानें भात मागितला कीं त्याच्यावर खेकसतो. पुराचा व ह्या रागाचा संबंध मुलास कळत नाहीं. आपलेंच कांहीं चुकलें असें तें समजतें. तेव्हां दुःख लपलें नाहीं, त्याचें कारण मात्र लपलें. आणि कारण न कळलेलें दुःख मुलास दुप्पट जड होतें.

खुद्द प्रभु येशू लाजराच्या कबरेजवळ लोकांदेखत रडला, आणि मग कबरेवरील धोंड काढावयास त्यानें सांगितलें. मुलांनीं आपल्या घरांतही ह्या दोन्ही गोष्टी पाहाव्या: मोठीं माणसें रडतात, आणि रडून पुन्हां कामास उठतात.

तथापि ह्यास मर्यादा आहे. मुलास खरें सांगावें, पण त्याच्या वयाच्या मानानें. आठ वर्षांच्या मुलीपुढें कर्जाचा सगळा हिशेब मांडून “आतां तूंच माझा आधार” असें म्हणणें हा अन्याय होय. आईबापांनीं आपला भार देवाकडे व मंडळींतील वडील माणसांकडे न्यावा. तो लेंकराच्या खांद्यावर ठेवूं नये.

पंडिता रमाबाईंचें चरित्र पाहा. वडील अनंतशास्त्री ह्यांनीं लोकविरोध सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, व त्या माउलीनें तीर्थयात्रेच्या वाटचालींतही लेंकीस शिकविलें. पुढें दुष्काळांत आईबाप व बहीण गेलीं. १८८० सालीं भाऊ गेला, १८८२ सालीं पती गेले. कन्या मनोरमा तेव्हां एक वर्षाचीही नव्हती. इतकें सोसून रमाबाईंचें मन दगड झालें नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या व तेथील अनाथ मुली त्यांनीं केडगांवीं आणिल्या. आपला चांदा जिल्हा त्या काळीं त्याच प्रांतांत होता. भूक काय असते हें त्या विसरल्या नव्हत्या, म्हणूनच परक्यांच्या लेंकरांची भूक त्यांस कळली. मनोरमाबाईही त्याच सेवेंत आईच्या उजव्या हात झाल्या. परंतु २४ जुलै १९२१ रोजीं त्या आईच्या अगोदर वारल्या; आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेविला. विश्वासानें दुःख टळतें असें ह्यावरून दिसत नाहीं. दुःखांतही प्रीति जिवंत राहते, एवढें दिसतें, आणि तें थोडें नव्हे.

उपदेशकबंधूंनो, शोकाच्या घरीं आपण जातां तेव्हां वडील माणसांपाशीं बसून परत येऊं नका; कोपऱ्यांत बसलेल्या लेंकराशींही बोला. सायंप्रार्थनेंत त्यास आपलें भय आपल्या शब्दांत सांगूं द्या. “मुलगा असून रडतोस काय?” असें कोणी म्हणूं नये. दुसऱ्या दिवशीं त्याच्या हातीं लहानसें काम द्यावें: पऱ्हे वाहून आणणें, वासरास पाणी दाखविणें. आणि मूल अनेक दिवस नीट जेवत वा झोंपत नसेल, तर प्रार्थनेबरोबरच त्यास वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. ह्यांत विश्वासाची उणीव नाहीं.

आपल्या लेंकरांच्या वाटेंतील सर्व पूर आपण अडवूं शकत नाहीं. पूर ओसरल्यावर पुन्हां बांधींत कसें उतरावें, हें मात्र तीं आपल्याकडे पाहूनच शिकतील. त्यासाठीं प्रभु सर्व आईबापांस बळ देवो.