मोठ्या ढिगाचे बळ

जुगाराविषयी आपल्या कुटुंबांत दोन मते एकाच छपराखाली सुखाने नांदताना दिसतात. जुगार वाईट, हे मुलांना लहानपणीच बजावले जाते. आणि सणाच्या संध्याकाळी चर्चच्या पटांगणात हाउझीचे आकडे पुकारले जाऊ लागले की तीच मुले आईच्या शेजारी बसून तिकिटावर खुणा करतात. यात ढोंग आहे असे आम्हांस वाटत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने हा विषय मोजक्या ओळींत हाताळला आहे. पैज किंवा पत्त्यांचा खेळ मुळात न्यायाविरुद्ध नाही. परंतु माणसाच्या स्वतःच्या आणि त्याच्यावर विसंबून असणाऱ्यांच्या गरजेचे जे आहे तेच त्या खेळात हिरावले जाऊ लागले की तो अनैतिक ठरतो, अशी त्या ग्रंथाची भूमिका आहे. खेळ कोठे संपतो आणि हिरावून घेणे कोठे सुरू होते, ती रेषा मात्र ज्याने त्याने आपल्या विवेकाने शोधायची. आम्ही ती येथे एका विशिष्ट प्रसंगात शोधू पाहतो. पोकरची स्पर्धा संपत आली आहे, एका खेळाडूपुढे मोठा ढीग आहे, इतरांपुढे थोडेच उरले आहे. मोठ्याने लहानांशी कसे खेळावे?

हा खेळ काही आमच्या भिवंडीचा नव्हे. गोव्यात मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या कॅसिनो जहाजांवर त्याच्या स्पर्धा भरत आल्या आहेत. आणि पैशाच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये होईपर्यंत मोबाइलच्या वाटेने तो आपल्या घरांतही येऊन बसला होता. त्याची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु जेथे लोभ, भय आणि हिशेब इतके उघडे पडतात, त्या खेळाकडे पाठ फिरवण्यातही शहाणपण नाही.

स्पर्धेची रीत थोडक्यात अशी. प्रत्येकजण सारखीच प्रवेश-रक्कम भरतो आणि प्रत्येकाला सारख्याच रंगीत चकत्या मिळतात. या चकत्या म्हणजे पैसे नव्हेत. त्या मोडून कोणी मधेच घरी जाऊ शकत नाही. ज्याच्या चकत्या संपल्या तो बाहेर, आणि जो जितका उशिरा बाहेर पडेल तितके त्याचे बक्षीस मोठे. शिवाय पाने पाहण्याआधीच भरावा लागणारा एक सक्तीचा हप्ता असतो, त्याला ‘ब्लाइंड’ म्हणतात. तो ठरावीक वेळाने वाढत जातो. नुसते बसून राहणाऱ्यालाही तो पोखरत असतो.

मोठा ढीग असणे हा स्वतः अन्याय नव्हे. सतराव्या शतकात पास्कल, फर्मा आणि हायगेन्स या विद्वानांनी खेळांच्या निमित्ताने जे गणित उभे केले, त्यातून असे दिसते की दोघांत समसमान संधीचा खेळ शेवटपर्यंत चालला, तर ज्याच्यापाशी दहांतले नऊ नाणे आहेत तो सर्व जिंकण्याची शक्यताही दहांत नऊच असते. ढीग जेवढा, संधी तेवढी. त्याहून अधिक काही नाही. स्पर्धेत मात्र बक्षिसे पायऱ्यांची असतात आणि तेथे चित्र पालटते.

एक हिशेब मांडून पाहू. तिघे उरले आहेत. बक्षिसे ५०, ३० आणि २० हजारांची. शंभर चकत्यांपैकी एकापुढे ६०, उरलेल्या दोघांपुढे वीस-वीस. चकत्यांच्या प्रमाणात क्रमांकांची शक्यता धरली तर मोठ्याच्या स्थितीचे मोल ४१ हजार, आणि लहानांचे प्रत्येकी साडेएकोणतीस हजार भरते. आता त्या दोन लहानांपैकी एकाने आपल्या वीसही चकत्या मोठ्याविरुद्ध लावल्या असे समजा. जिंकला तर त्याच्या चकत्या दुप्पट होतात, पण मोल केवळ सहा हजारांच्या थोडे वर वाढते. हरला तर साडेनऊ हजारांनी घटते. म्हणजे शंभरातून साठाहून अधिक वेळा जिंकण्याची खात्री असल्याखेरीज त्याने पुढे पाऊल टाकणे तोट्याचे. मोठ्याचे तसे नाही. तो जिंकला तर त्याला पाच हजारांचा लाभ, हरला तर सव्वापाच हजारांच्या आसपास तोटा. त्याला जवळपास नाणेफेकीसारखाच सौदा. आणि तिसरा, ज्याने पान उचललेही नाही, तो शेजारी पडला तर साडेचार हजारांनी श्रीमंत होतो.

चकती तीच, पण हातागणिक तिचे वजन निराळे. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेविषयी प्रभूने जे सांगितले ते याहून फार दूरचे नाही. पुढे १७३८ साली डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने हीच गोष्ट व्यवहाराच्या भाषेत मांडली. एखाद्या गरिबाच्या हाती असे तिकीट आले की ज्यावर वीस हजार मोहरा तरी मिळतील किंवा काहीच मिळणार नाही, तर त्याने ते नऊ हजारांना विकून टाकणे मूर्खपणाचे नाही. आणि श्रीमंताने मात्र ते नऊ हजारांना न घेणे मूर्खपणाचे. दोघांचा हिशेब बरोबर आहे, आणि दोघांचे हिशेब बरोबर असल्यामुळेच श्रीमंत अधिक श्रीमंत होतो.

म्हणून जाणते खेळाडू सांगतात की शेवटच्या टप्प्यात मोठ्या ढिगाने स्वस्थ बसू नये. वारंवार बोली वाढवावी. विशेषतः जे मधले आहेत, दुसरा कोणी आधी पडावा म्हणून वाट पाहत बसले आहेत, त्यांच्यावर दाब ठेवावा. पाने चांगली असण्याची फारशी गरज नाही. समोरचा आपल्या पानांना भीत नसून बाहेर पडण्याला भीत आहे, हे कळले की पुरे. दुसऱ्याचे भय हे आपले हत्यार करावे, असा हा उपदेश आहे. आणि तो ऐकताना सज्जन माणसाला अवघडल्यासारखे होते.

आमचे मत असे की टेबलापुरते हे अवघडलेपण अनाठायी आहे. मोठ्याने एका लहानावर दया केली तर ती त्याच्या स्वतःच्या खिशातून येत नाही. बरीचशी तिसऱ्याच्या खिशातून येते. म्हणूनच एकमेकांशी ठरवून सौम्य खेळणे हे स्पर्धांत लबाडी मानले जाते. त्याहून महत्त्वाचे हे की टेबलावर प्रत्येकजण आपल्या पायांनी आला, सारख्या ढिगाने आला, आणि प्रवेशासाठी भरले त्याहून अधिक त्याचे काही जाऊ शकत नाही. आपल्या दिवाळीतल्या तीन पत्तीत चाल परवडली नाही की गरिबाला चांगली पाने असूनही ‘पॅक’ म्हणावे लागते. खिसा जड असलेला माणूस नुसत्या पैशाने त्याला उठवू शकतो. पोकरमध्ये ‘ऑल-इन’ची सोय आहे. दोन चकत्या उरल्या असतील तर त्या दोन पुढे सारून डावात राहता येते, समोरच्याने दोनशे लावले तरी. या सोयीत एक दयाबुद्धी आहे, आणि तिच्यामुळे चमत्कारही घडतात. १९८२ साली लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत जॅक स्ट्रॉस हा खेळाडू संपला असे वाटत असताना त्याच्यापाशी एक चकती उरल्याचे आढळले, आणि तीवरून चढत चढत त्याने ती स्पर्धा जिंकली, अशी कथा खेळाडू आजही सांगतात.

तेच १९८२ साल आपल्याकडे वेगळ्या कारणाने स्मरणात आहे. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कोणाची मागणी किती रास्त, या वादात आम्ही येथे शिरत नाही. संपाची रचना तेवढी पाहावी. कामगारांचा ढीग म्हणजे हातातला शेवटचा पगार, वाण्याची उधारी, गावाकडची थोडी शेती आणि बायकोच्या अंगावरचे सोने. मालकांचा ढीग म्हणजे गोदामांत पडून असलेले कापड, बँकांची पत, आणि भिवंडीचे माग. गिरणी बंद राहिली तरी कापड विणून घेण्याची सोय येथे होती, आणि ते विणले गेले. भाडे, शाळेची फी, दुखणेबहाणे हा वाढता ‘ब्लाइंड’ महिन्यामागून महिना कामगाराच्या ढिगातून जात राहिला. मालकांना चांगल्या पानांची आवश्यकताच पडली नाही. बसून राहणे पुरेसे होते. तो संप विधिवत मागे घेतला गेला नाही. कामगार मात्र उठून गेले, आणि पुढे कित्येक गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले.

या डावात भिवंडी तिसऱ्या खुर्चीवर होती. तिने पान उचलले नव्हते, शेजारी पडत होता आणि तिच्या मागांची खडखड वाढत होती. बारा-बारा तासांच्या पाळीत उभ्या राहणाऱ्या विणकराला त्याबद्दल दोष द्यावा, इतके आम्ही निष्ठुर नाही. आणि लाभ तरी त्याच्या हाती किती उरला? आज येथला लहान यंत्रमागधारक बहुधा व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणतो. बाजार पडला की साठा आणि पत असलेला व्यापारी थांबू शकतो. मागवाल्याला वीजबिल, गाळ्याचे भाडे आणि कर्जाचा हप्ता थांबू देत नाहीत. व्यापारी दर सांगतो, परवडत नसेल तर माग बंद ठेवा म्हणतो. ही बोली वाढवण्याचीच चाल आहे, आणि समोरचा पाने टाकतो. त्या व्यापाऱ्याच्याही वर कोणी मोठा बसलेला असतो, हे खरे; पण त्याने खालच्याचे ओझे हलके होत नाही.

धंदा म्हणजे धर्मादाय नव्हे, असे उत्तर येईल. मान्य, टेबलावर आम्ही दयेची मागणी केली नाही, येथेही करीत नाही. प्रश्न वेगळा आहे. टेबलावर ज्या भयाचे हत्यार होते ते क्रमांक गमावण्याचे भय आहे; येथे ते चुलीचे भय आहे. येथे सारख्या ढिगाने कोणी सुरुवात केलेली नाही, आणि ‘ऑल-इन’ची दयाही नाही, कारण माग भंगारात गेल्यावरही कर्ज शिल्लक राहते. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात याच ठिकाणी बोट ठेवले होते: गरजेपोटी किंवा अधिक वाईटाच्या भयाने कामगाराने कठोर अटी मान्य केल्या, कारण मालक त्याहून बऱ्या अटी देईना, तर ती संमती नव्हे, तो बळजबरीचा आणि अन्यायाचा बळी होय. एकच चाल मांडवीवरच्या जहाजात निर्दोष आणि नारपोलीच्या गल्लीत सदोष असू शकते, ती यामुळे. आणि जहाजात बसलेल्याने प्रवेशाची रक्कम मुलांच्या फीमधून काढली असेल, तर तेथेही तिचा निर्दोषपणा पहिल्या पानाआधीच संपलेला असतो.

आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे मोठ्या ढिगाची नाहीत, आणि अगदी शेवटच्या चकतीवरचीही नाहीत. नोकरी आहे, डोक्यावर छप्पर आहे, थोडी शिल्लक आहे. आपली खुर्ची तिसरी. दोघांत डाव चालू असताना तिसऱ्याने तोंड उघडू नये असा पोकरचा कडक नियम आहे, आणि तेथे तो योग्यच आहे. भिवंडीत असा नियम कोणी केलेला नाही. तरी वंजारपट्टी नाक्यावर एखादा लहान कारखाना बंद पडल्याची बातमी कानावर आली की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हाच, की त्याची जागा आता कोण घेणार, आणि कितीला.