मोहोरबंद पाकीट आणि अमानत

फेब्रुवारी उजाडला की महाराष्ट्रातील घराघरांत बारावी आणि दहावीच्या परीक्षांचे वारे वाहू लागतात. मशिदींतही नमाजनंतर मुलांच्या यशासाठी दुआ करण्याची विनंती करणारे पालक वाढतात. संततीसाठी दुआ मागणे हे माता-पित्यांचे कर्तव्यच आहे. परंतु त्याच दिवसांत एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो : "पेपर आधीच मोबाइलवर आला तर तो पाहण्यात गुनाह आहे काय? आपण तर तो चोरलेला नाही!" प्रश्न लहान दिसतो. पण अमानत, न्याय आणि तौबा हे तिन्ही विषय त्याच्या पोटात आहेत. म्हणून त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर न संपवता थोडा विचार करणे आवश्यक आहे.

हा प्रश्न कल्पनेतला नाही. ३ मार्च २०२३ रोजी बारावीच्या गणिताचा पेपर सकाळी अकरा वाजता सुरू व्हायचा होता. त्याच्या सुमारे अर्धा तास आधी बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यात त्या प्रश्नपत्रिकेची काही पाने मोबाइलवरून पसरली. अटक झालेल्यांमध्ये शिक्षक होते. मे २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्याच्या शहरात एका नगरसेवकाच्या घरावर पोलिसांनी छापा घातला, तेव्हा अभियांत्रिकीचे विद्यार्थी परीक्षा संपल्यानंतर पुन्हा उत्तरपत्रिका लिहीत बसलेले आढळले. जानेवारी २०२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या निकालातील फेरफार डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी उघडकीस आणला. त्यात परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाही अटक झाली, आणि पुढे सात हजारांहून अधिक उमेदवारांवर परिषदेने कारवाई केली. जे उद्या मुलांना प्रामाणिकपणा शिकवणार होते, त्यांच्या पात्रतेचीच ही कथा आहे.

अमानत कोणाची?

सूरह अन्-निसाच्या ५८ व्या आयतीत अल्लाहने आज्ञा दिली आहे की अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन कराव्यात आणि लोकांमध्ये निवाडा करताना न्यायाने करावा. अमानत आणि न्याय या दोन गोष्टी एकाच आयतीत आल्या आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्याने अमानत राखली नाही, त्याचा निवाडाही न्याय्य राहत नाही. परीक्षा हा एक निवाडाच आहे आणि प्रश्नपत्रिका ही त्या निवाड्याची अमानत आहे.

पण ही अमानत इतर अमानतींहून वेगळी आहे. शेजाऱ्याने ठेवायला दिलेले दागिने चोरीला गेले तर पेटी रिकामी दिसते. प्रश्नपत्रिका फुटली तर पाकिटातील एकही कागद कमी होत नाही. कागद जागेवरच असतात, हरवते ती गुप्तता. आणि तिचा मालक कोण? मंडळ? शाळा? नव्हे. ज्या लाखो मुलांनी तो पेपर अद्याप पाहिलेला नाही, ती सर्व मुले त्या गुप्ततेची मालक आहेत. वर्षभर पहाटे उठून अभ्यास केलेल्या मुलीचा त्यात जेवढा हिस्सा आहे, तेवढाच वीटभट्टीवर आई-वडिलांना हात लावून रात्री वाचणाऱ्या मुलाचा आहे. "मी तर चोरलेला नाही" असे म्हणणारा विसरतो की फुटलेला पेपर समजून-उमजून वाचणे म्हणजे चोरीचा माल चोरीचा आहे हे माहीत असून घेणे होय. आपल्या फुकहांनी असा माल घेणे कधीही वैध ठरवलेले नाही.

सनद आणि साखळी

बोर्डाची प्रश्नपत्रिका मुद्रणालयातून निघते, परिरक्षक केंद्रात म्हणजे 'कस्टडी'त कुलूपबंद राहते, तेथून सहायक परिरक्षक, ज्याला सगळे 'रनर' म्हणतात, ती परीक्षा केंद्रावर नेतो. मग ती केंद्रसंचालकाच्या हाती येते आणि शेवटी पर्यवेक्षक वर्गात मोहोरबंद पाकीट उघडतो. २०२३ पासून रनरच्या प्रवासावर मोबाइलच्या जीपीएसने लक्ष ठेवण्यात येऊ लागले. वेळेपूर्वी दहा मिनिटे प्रश्नपत्रिका वाटण्याची पद्धत बंद करून ती दहा मिनिटे शेवटी वाढवून देण्यात आली. भरारी पथके आणि बैठी पथके आहेतच.

मदरशात हदीसशास्त्र शिकलेल्या माणसाला ही साखळी परकी वाटत नाही. हदीस आपल्यापर्यंत सनदीने पोहोचते. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितले, अशी ती साखळी असते. मुहद्दिसांनी प्रत्येक रावीकडून दोन गोष्टी मागितल्या : 'अदालत', म्हणजे चारित्र्याची शुद्धता, आणि 'जब्त', म्हणजे सांभाळण्याची क्षमता. माणूस खोटारडा असेल तर त्याची रिवायत फेटाळली जाते. पण माणूस नेक असूनही विसरभोळा, बेफिकीर असेल, तरी त्याची रिवायत कमकुवत ठरते. सनदीत दहा रावी उत्तम आणि एक निकामी असेल, तर त्या दहांचे उत्तमपण ती सनद वाचवू शकत नाही.

प्रश्नपत्रिकेच्या साखळीलाही हाच नियम लागू आहे. पैशासाठी पान बाहेर पाठवणारा शिक्षक अदालतीत नापास होतो. कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून चहाला जाणारा, ओळखीच्या माणसाला मोबाइल घेऊन आत येऊ देणारा, पाकिटाची मोहोर न तपासताच सही करणारा माणूस जब्तमध्ये नापास होतो. "माझ्या मनात काही नव्हते" हे त्याचे म्हणणे खरे असेल, पण अमानतीला केवळ स्वच्छ मन पुरत नाही, जागरूक हातही लागतो. हजरत अबू जर (रजि.) यांनी पदाची इच्छा व्यक्त केली तेव्हा अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले की पद ही अमानत आहे आणि तिचा हक्क अदा न करणाऱ्यासाठी ती कियामतच्या दिवशी अपमान व पश्चात्ताप ठरेल. अबू जर (रजि.) यांच्या सचोटीविषयी कोणाला शंका होती? तरीही त्यांना ओझ्याची जाणीव करून देण्यात आली.

ही दया नव्हे

काही शिक्षक म्हणतात, "आमची मुले गरीब आहेत, शाळेत शिक्षक पुरेसे नाहीत, इंग्रजी-गणिताला वर्षभर कोणी नव्हते. दोन प्रश्न सांगितले तर ती दया नाही का?" पालक म्हणतात, "श्रीमंत पेपर विकत घेतात, मग आमच्याच मुलांनी मागे का राहावे?" ही तक्रार पोकळ नाही. मुस्लिम समाजाच्या शैक्षणिक मागासलेपणाची नोंद २००६ मध्ये सच्चर समितीने केली, आणि ते वास्तव आपण वस्त्या-वस्त्यांत पाहतो. म्हणूनच या युक्तिवादाचे उत्तर गांभीर्याने दिले पाहिजे.

पहिली गोष्ट : परीक्षेच्या दालनात मुलाचे नाव, आडनाव, बापाचा धंदा, मोहल्ला हे सारे एका आसन क्रमांकाच्या मागे जाते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला समोरचा मुलगा कोणाचा आहे हे माहीत नसते. नोकरीच्या मुलाखतीत, भाड्याचे घर शोधताना, कार्यालयाच्या खिडकीशी जी गोष्ट आपल्या मुलांना सहज मिळत नाही, ती येथे तीन तासांसाठी मिळते. ज्याच्याकडे पैसा नाही, वशिला नाही, त्याच्याकडे हे एकच दार आहे. पेपर फुटतो तेव्हा हेच दार बंद होते, कारण पेपर विकत घेण्याच्या स्पर्धेत गरीब कधीही जिंकणार नाही. प्रश्नपत्रिकेचे रक्षण म्हणजे गरिबाच्या दाराचे रक्षण आहे.

दुसरी गोष्ट : दुसऱ्याने जुलूम केला म्हणून आपल्याला तिसऱ्यावर जुलूम करण्याची परवानगी मिळत नाही. ज्याने पेपर विकत घेतला त्याचे आपण काहीच बिघडवत नाही. आपण मागे ढकलतो तो ज्याने पेपर पाहिलाच नाही त्याला. तो कदाचित आपल्याच गल्लीतला असतो.

तिसरी गोष्ट प्रेमाची आहे. मक्का विजयापूर्वी हजरत हातिब बिन अबी बलतआ (रजि.) यांनी मुस्लिम सैन्याच्या तयारीची वार्ता एका पत्राने मक्केला पाठवण्याचा प्रयत्न केला. ते बद्रच्या लढाईत सहभागी झालेले सहाबी होते. शत्रूशी त्यांचे संगनमत नव्हते. मक्केत राहिलेल्या आपल्या कुटुंबीयांना कोणी त्रास देऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता. पत्र वाटेतच हस्तगत झाले. प्रेषितांनी (स.) त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि बद्रच्या सेवेचा मान ठेवून त्यांना माफही केले. पण त्या कृत्याला योग्य म्हटले नाही. याच प्रसंगाशी संबंधित सूरह अल्-मुम्तहिनामध्ये बजावण्यात आले की कियामतच्या दिवशी नातेवाईक आणि संतती कामी येणार नाहीत. गुपित फुटण्यामागे घरच्यांचे प्रेम असू शकते, हे इस्लाम जाणतो. परंतु प्रेमामुळे कृत्य समजून घेता येते, ते वैध होत नाही.

तौबेची अडचण

आलिमांनी तौबेच्या अटी सांगितल्या आहेत : केल्याचा पश्चात्ताप, ते कृत्य तत्काळ सोडणे, पुन्हा न करण्याचा निर्धार, आणि गुनाह माणसाच्या हक्काशी संबंधित असेल तर तो हक्क परत करणे. चोरलेले पैसे परत करता येतात. मालक वारला असेल तर वारसांना देता येतात. पण फुटलेला प्रश्न कोणाला आणि कसा परत करणार?

५ मे २०२४ रोजी झालेल्या नीट परीक्षेला तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते. हजारीबाग आणि पाटणा येथे पेपर फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तरी संपूर्ण परीक्षेची विश्वासार्हता ढासळल्याचा पुरावा नाही, म्हणून २३ जुलै २०२४ रोजी ती रद्द करण्यास नकार दिला. पुन्हा परीक्षा घेतली असती तर लाखो निर्दोष मुलांना शिक्षा झाली असती, आणि न घेतल्यामुळे काहींच्या मनात संशय कायम राहिला. एकदा पेपर फुटला की न्यायाधीशासमोरही पूर्णपणे निर्मळ असा मार्ग उरत नाही.

आमच्या वेरूळचे कैलास लेणे एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेले आहे. अशा कामात दगड जोडायचा नसतो, फक्त काढायचा असतो. म्हणून छिन्नीचा चुकलेला घाव मागे घेता येत नाही. गुप्ततेचेही तसेच आहे. ती जोपर्यंत राखली आहे तोपर्यंतच आपल्या हातात आहे.

प्रेषितांनी (स.) खऱ्या दिवाळखोराची ओळख सांगितली आहे. तो नमाज, रोजे आणि जकात घेऊन कियामतच्या दिवशी येईल, पण त्याने कोणाचा अपमान केलेला असेल, कोणाचा माल खाल्लेला असेल. त्याची पुण्ये एकेका हक्कदाराला वाटली जातील आणि ती संपल्यावर त्यांचे गुनाह त्याच्यावर टाकले जातील. आता विचार करा, ज्याच्या दाराशी त्या दिवशी एक-दोन नव्हे, लाखो परीक्षार्थी हक्क मागत उभे राहतील, त्याच्याकडे किती पुण्ये शिल्लक राहतील?

जून २०२४ पासून केंद्रीय भरती व प्रवेश परीक्षांसाठी नवा कायदा लागू आहे. त्यात गैरप्रकाराला तीन ते पाच वर्षांचा तुरुंगवास, आणि संघटित गुन्ह्याला पाच ते दहा वर्षांची कैद व किमान एक कोटी रुपये दंड आहे. महाराष्ट्रात विद्यापीठ व मंडळाच्या परीक्षांसाठी १९८२ पासूनच कायदा आहे. कायदे हवेतच. पण कॅमेरा दालनापुरता पाहतो आणि जीपीएस रस्त्यापुरते. दुधात पाणी मिसळण्यास सांगणाऱ्या आईला "उमर (रजि.) पाहत नसले तरी उमरचा रब पाहतो आहे" अशा अर्थाचे उत्तर देणाऱ्या मुलीची कथा आपण मुलांना सांगतो. तिच्या घरात कोणतेही पथक नव्हते.

घरातून सुरुवात

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अनोळखी क्रमांकावरून काही आले आणि ते काय आहे हे न कळता नजर पडली, तर त्यात गुनाह नाही. पेपर फुटलेला आहे हे कळल्यावर तो वाचणे गुनाह आहे. तो पुढे पाठवणे त्याहून मोठा गुनाह आहे, कारण सूरह अल्-माइदाच्या दुसऱ्या आयतीत पाप व अत्याचाराच्या कामात साहाय्य करण्यास मनाई आहे. त्यासाठी पैसे देणे-घेणे ही लाच आहे, आणि देणारा व घेणारा दोघांवरही प्रेषितांनी (स.) धिक्कार केला आहे. अशा वेळी मुलाने व पालकाने तो मजकूर कोणालाही न पाठवता केंद्रसंचालकांना किंवा शिक्षण विभागाला ताबडतोब कळवावे. जेथे सांगणे कठीण आहे, तेथे सांगण्याचे मोलही अधिक आहे.

ज्यांच्या घरात शिक्षक, लिपिक, शिपाई किंवा मुद्रणालयातील कामगार आहेत, त्यांनी एक हदीस ध्यानात ठेवावी. हजरत अनस (रजि.) लहान असताना मुलांत खेळत होते. प्रेषितांनी (स.) त्यांना एका कामासाठी पाठवले. घरी परतायला उशीर झाला तेव्हा आईने कारण विचारले. काम गुप्त आहे, असे मुलाने सांगितले. आईने खोदून विचारले नाही. उलट, प्रेषितांचे (स.) गुपित कोणालाही सांगू नकोस, अशी ताकीद दिली. आईला उत्सुकता नसेल काय? पण मुलाचे कुतूहल भागवणारे उत्तर मिळवण्यापेक्षा मुलाचा अमानतदारपणा तिला मोठा वाटला.

आपल्या घरांत याच्या उलट घडते. "तुमच्या कॉलेजचा पेपर तुम्हीच काढला ना? थोडे तरी सांगा," असे आपणच भावाला, मेहुण्याला, भाच्याला म्हणतो. तो नाही म्हणाला तर त्याला नात्याची कदर नाही असे ठरवतो. खरे तर तो नाही म्हणतो तेव्हा आपण अल्लाहचे आभार मानायला हवेत, की आपल्या खानदानात एक अमीन माणूस आहे. प्रेषितत्वापूर्वीच मक्केने मुहम्मद (स.) यांना 'अल्-अमीन' म्हटले होते. हिजरतच्या रात्री जे लोक त्यांच्या जिवावर उठले होते, त्यांच्याही अमानती परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. शत्रूची अमानतही ज्यांनी उघडली नाही, त्यांच्या उम्मतीने अनोळखी मुलांची अमानत उघडू नये, एवढीच अपेक्षा आहे.

अल्लाह आपल्या मुलांना नफा देणारे ज्ञान देवो, परीक्षेत त्यांच्या कष्टाचे फळ देवो, आणि आपल्या शिक्षकांना, पालकांना व आपल्या सर्वांना अमानत राखणाऱ्यांमध्ये सामील करो. आमीन.